डाव्या हाताचे शब्द

"बारा! बाराच्या बारा!" सरांनी खुर्चीतूनच आरोळी ठोकली.

आतल्या खोलीत बॅग भरणारी त्यांची बायको धावतच दाराशी आली. "अगं बाई, बारा वाजले? चारची गाडी आहे माझी, अजून निम्मं सामान बाहेर आहे."

"वाजले नाहीत गं. अक्षरं बारा. रिव्हर्बरेटेड! म्हणजे घुमत राहिला. आणि सगळीच्या सगळी डाव्या हाताची."

"धन्य आहे. तेवढ्या वेळात डाव्या हातानं शर्टाचं एक बटण लावायला शिकला असतात तर माझे हात तरी मोकळे झाले असते." आणि ती पुन्हा बॅगेकडं गेली.

सरांना राग आला नाही. त्यांनी मांडीवरचा हजेरीपट सारखा केला आणि डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात, तो शब्द नोंदवून ठेवला. त्याच्या वर होता आफ्टरइफेक्ट्स. तोही बाराचाच. मागं उरणारे परिणाम. तो डॉक्टरांच्या तोंडून आयताच मिळाला होता.

अडतीस वर्षं सरांनी टायपिंगचा क्लास चालवला. गावातली निम्मी कचेरी त्यांच्या हाताखालून गेलेली. टायपिंग म्हणजे सरांच्या डाव्या हाताचा मळ, असं लोक म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना वस्तरा गळून पडला, आणि उजवा हात जो गेला तो गेलाच. बोलणं वाचलं, पाय वाचले, जीभ तर होती त्याहून तिखट झाली. क्लास बंद पडला, मशिनं गेली, एक तेवढं खिडकीशी ठेवून घेतलं.

आता कुणीही म्हणेल, एका हातानं सगळी अक्षरं मारता येतात की! पण सरांना ते सांगायची सोय नव्हती. ज्या बोटाची जी कळ, ती त्याच बोटानं दाबायची. दुसऱ्याच्या कळीवर जाणारं बोट चोर. हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं आणि लाकडी पट्टीनं कित्येकांच्या बोटांवर उतरवलं होतं. त्यातल्याच पुढच्या बाकावरच्या एका मुलीशी पुढं लग्न केलं, तरी नियम तो नियम. मग डाव्या हाताच्या वाट्याला जी पंधरा अक्षरं आली होती, तेवढ्यातच ते शब्द शोधत बसायचे. जितका लांब शब्द, तितका वेळ बरा जायचा.

आज मात्र बारा अक्षरांचा आनंद टिकेना. मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून बायको निघाली होती. पण गोष्ट तेवढीच नव्हती. मुलगी फोनवर स्पष्टच म्हणाली होती, "आईला आता इथंच राहू दे. दोन वर्षांत ती निम्मी झालीय. बाबांसाठी माणूस ठेवू." आणि मंगळवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोनं विचारलं होतं, "मी परत येऊ की नको, ते एकदा तुमच्या तोंडानं सांगा."

सर म्हणाले होते, "तुझं तू बघ."

काय म्हणून म्हणालो असं? त्यांनी स्वतःला चारशे वेळा विचारलं होतं. म्हणायचं होतं भलतंच. पण जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज आणि दुसऱ्यांची पत्रं टाइप केलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड काढता येईना.

"औषधं आणते आणि शेजारच्या काकूंना सगळं सांगून येते," म्हणत बायको बाहेर पडली. खिडकीतून ऊन मशिनवर आलं होतं. सरांचा डोळा लागला.

झोपेत ते नेहमीच्या गावात गेले. मधून नदी, अलीकडं डावी आळी, पलीकडं उजवी. डाव्या आळीत त्यांना सगळे ओळखायचे. ए अंगण झाडत होता, ई दारोदार चहाला बसलेला, झेड कोपऱ्यातल्या घरात एकटाच पेंगत होता. सर चालत चालत काठाशी आले. जी आणि एच एवढे सख्खे शेजारी, पण मध्ये पाणी. पलीकडच्या काठावर आय उभा होता, म्हणजे 'मी'. त्याच्या शेजारी 'यू', तिन्ही अक्षरं तिकडचीच, म्हणजे 'तू'. 'माय'ही तिकडंच, माझं म्हणायचं ते सगळं तिकडंच. सरांनी हाक मारली. पाणी नुसतं हलत राहिलं. अलीकडं त्यांच्याजवळ कोण होतं? बघतात तर डब्ल्यू आणि ई, पायरीवर पाय सोडून बसलेले. वी.

सर दचकून उठले. सव्वादोन.

कागद मशिनमध्ये घालताना हनुवटीनं दाबून धरावा लागला. तिरका बसला, बसू दे. सुरुवातीला मोठं अक्षर हवं होतं, पण त्यासाठी शिफ्टच्या कळीवर उजवी करंगळी लागते. स्पेसची पट्टी खरं तर उजव्या अंगठ्याची. सर थोडे घुटमळले. मग म्हणाले, मोकळी जागा काही कुणाच्या बापाची नाही. आणि डाव्या अंगठ्यानं दाबली.

तीन वाजता बायको आली तेव्हा सर हात मांडीवर ठेवून बसले होते. कपाळावर घाम.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"वाच," सरांनी मशिनकडं मान वळवली.

तिनं चष्मा लावला. पिशवी हातातच होती. "डिअरेस्ट," तिनं वाचलं आणि थांबली. इतक्या वर्षांत तिला या माणसानं एक चिठ्ठी लिहिली नव्हती. "वी अर्ड. म्हणजे चुकलो." ती पुन्हा थांबली. "हे 'वी' म्हणजे आम्ही की आपण? इंग्रजीत काही कळत नाही. माझं काय चुकलं?"

"तुझं नाही. तिथं आम्ही," सर म्हणाले. "म्हणजे मीच. आय उजवीकडं आहे, मी तरी काय करू?"

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. खालची ओळ वाचली. "वी आर स्केअर्ड. घाबरलोय."

"तेही आम्हीच."

"नाही," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली. "तिथं आपण."

मग तिनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे काय? सी, मग दोन घरं मोकळी, मग ई. रिबन वाळली वाटतं."

"रिबन चांगली आहे. मधली अक्षरं माझी नव्हती."

ती बघत राहिली. मग तिला ते उमगलं, आणि तिनं पदरानं चष्मा पुसला, गरज नसताना. स्टूल ओढून ती सरांच्या उजव्या बाजूला बसली. मशिनची गाडी मागं सरकवायचा दांडा डावीकडं होता, तो सरांनी सरकवला. कागद बरोबर मोकळ्या जागेशी आणला. तिनं उजव्या हाताची चार बोटं मधल्या ओळीवर ठेवली. खाली न बघता ठेवली.

"ओ अनामिकेनं," सर पुटपुटले.

"माहितीय." ओ उमटला.

"एम—"

"तर्जनीनं. पट्टी खाल्लीय मी त्याच्यासाठी, सर." एम उमटला, जरा जोरात.

कम. ये.

"पूर्णविराम देऊ?" तिनं विचारलं. "तोही माझ्याच हाताखाली आहे."

"नको. राहू दे."

तिनं कागद काढून घेतला, चौघडी घातली आणि पर्समध्ये सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवला. पावणेचारला बाहेर रिक्षा थांबली. तिनं सरांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हणाली, "बाळ दीड महिन्याचं झालं की येते. काकूंना त्रास देऊ नका. आणि हे बटण सोडू नका, परत लावायला मी नाही."

"बघू," सर म्हणाले. एवढंच जमलं.

रिक्षा वळली. सर खिडकीशी येऊन बसले. ऊन उतरलं होतं, स्टूल तसंच उजवीकडं होतं. त्यांनी ते हलवलं नाही. हजेरीपट उघडला. बारा अक्षरांच्या शब्दाखाली लिहिलं, कम, आणि पुढच्या रकान्यात, चार. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो दोन वर्षं कोराच होता. सरांनी पेन्सिल ओली केली आणि सावकाश, वळणदार यावं म्हणून जीभ दातात धरून, लिहिलं:

उजवा हात रजेवर.