अर्धा किलो पितळ

निवृत्त वजनमापे निरीक्षकानं उंच डोंगरावर जायची तयारी कशी करावी, याचं परिपत्रक कुठल्याच खात्यानं काढलेलं नाही. ग्रॅमकाकांना ही उणीव फार जाणवली. म्हणून त्यांनी ते स्वतःच काढलं, खाली सही ठोकली आणि फ्रीजच्या दारावर चिकटवलं. काकूंनी ते वाचलं आणि त्यावर दूधवाल्याचा फोन नंबर लिहून ठेवला.

बेत अकरा दिवसांचा होता. दिवसभर चढायचं आणि संध्याकाळी वाटेवरच्या चहाघरात मुक्काम करायचा. तिथं गरम जेवण, लाकडी खाट आणि मधोमध पेटलेली शेगडी मिळते. नेणार होती काकूंची भाची. तिचा धंदाच तो, आणि धंद्यात ती नातं ओळखत नसे.

"माणशी एक बॅग, दहा किलो," तिनं बजावलं होतं. "पोर्टरच्या पाठीवर त्याहून ग्रॅमभर जास्त चढवणार नाही. शनिवारी चार वाजता येऊन मी वजन करणार. जास्त भरलं, तर पाच मिनिटं देईन. यादीतली एकही वस्तू काढायची नाही. तरी दहाच्या वर राहिलं, तर तो माणूस घरी. तीन जण रांगेत उभे आहेत, काका."

"मला वजन शिकवतेस?" काका म्हणाले, आणि इतके खूश झाले की संध्याकाळी दोनदा फिरायला गेले.

सहा वर्षं त्यांना वर जायचं होतं. आधी गुडघा आडवा आला, मग दुसरा. आता दोन्ही गुडघ्यांनी नि डॉक्टरांनी होकार दिला होता, फक्त बॅगेचा बाकी होता. काकांनी स्वयंपाकघराच्या दारात आपला स्प्रिंगचा काटा टांगला आणि कामाला लागले. टूथब्रशची दांडी करवतीनं अर्धी कापली. कपड्यांची लेबलं उसवली. नकाशाचा, जिथं जायचं नव्हतं तो भाग, कात्रीनं उडवला. भर दुपारी पिसांचं जाकीट, कानटोपी आणि डोक्यावर दिवा अशा थाटात ते बॅग घेऊन चार मजले चढ-उतार करत. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं पहिल्या दिवशी दार लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी उघडून पाणी दिलं आणि तिसऱ्या दिवशी वर्गातली मुलं बघायला आणली.

शुक्रवारी काटा बरोबर दहावर थांबला. काका त्याला सलाम करायचेच बाकी होते.

काकू एका प्रसूतिगृहात अठ्ठावीस वर्षं परिचारिका होत्या. जन्मलेलं मूल त्या आधी हातावर तोलायच्या, मग यंत्रावर ठेवायच्या. यंत्राला फक्त हो म्हणायचं काम. त्यांनी काकांची बॅग कुशीत घेतली, एकदा थोपटली आणि म्हणाल्या, "साडेदहा. बाळ-बाळंतीण सुखरूप."

"अगं, हातानं वजन करणं हा गुन्हा आहे! मी लोकांना नोटिसा दिल्यात."

"मला नाही ना दिली? साडेदहा आहे अहो."

"तुझी बॅग किती भरली?"

"तीन धडधाकट बाळं आणि वर चपलांचा एक जोड. साडेनऊ."

काका इतक्या मोठ्यानं हसले की दिवा डोक्यावरून घसरून नाकावर आला.

शनिवारी चारला भाची आली. तिनं स्वतःचा काटा आधी काकूंच्या बॅगेला लावला. साडेनऊ. मग काकांच्या.

"साडेदहा," भाची म्हणाली. "पाच मिनिटं, काका."

"थांब! काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का?"

भाचीनं काटा उलटा केला. शिक्का होता, याच वर्षीचा. "आता तुमचा दाखवा."

काकांनी दारातला काटा उलटा केला. पाठ कोरी करकरीत होती. तो त्यांनी बावीस वर्षांपूर्वी घरगुती म्हणून आणला होता. असे बिनशिक्क्याचे चारशे काटे त्यांनी दुकानांतून उचलले होते, आणि त्या चारशेंचे मालक हेच म्हणाले होते: साहेब, घरगुती आहे.

"चार मिनिटं," भाची म्हणाली.

काका खाली बसले, बॅग उघडली, लोकरीच्या मोज्यात हात घातला आणि पितळेचं एक वजन बाहेर काढलं. अर्धा किलो, निरोपसमारंभात खात्यानं दिलेलं.

"काका, हे यादीत कुठाय?"

"एकतीस वर्षं यानं दुसऱ्यांची वजनं तपासली," काका म्हणाले. "याला कधी कुणी फिरायला नेलं नाही. म्हटलं, वर जाऊन बघावं, इतक्या उंचीवर अर्धा किलो अर्धाच राहतो का."

त्यांनी ते स्वतःच्या काट्याला अडकवलं. चारशे पंचाहत्तर. भाचीच्या काट्याला अडकवलं. पाचशे, टाचणीच्या टोकाइतकं बरोबर.

"शेकडा पाच मारतोय," काका पुटपुटले. "माझ्या घरात!"

"अहो, दोन मिनिटं राहिली. ते वजन इकडे आणा," काकू म्हणाल्या, आणि ते आपल्या बॅगेत कोंबून त्यांनी चेन ओढली. भाचीनं दोन्ही बॅगा पुन्हा टांगल्या. दहा आणि दहा.

"दोघंही पास," भाची म्हणाली. "पण हे श्रेय मावशीचं."

काकांनी आपला काटा दारावरून उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि वर लिहिलं: जप्त. मग बॉलपेन काढून काकूंचा उजवा तळहात पुढं ओढला, त्यावर नीट गोल काढला आणि आत तारीख घातली.

"हे काय आता?"

"पडताळणी झाली. वर्षभर चालेल, मग नूतनीकरण."

त्या संध्याकाळी भांडी काकांनी घासली. शिक्का अजून ओला आहे, असं काकूंचं म्हणणं होतं.