धुक्यात ये

"आलीस तर धुक्याच्या दिवसांत ये. उन्हात आमचं शहर फार दरिद्री दिसतं," ताई म्हणायची. "आणि यांना हाक मारायची वेळ आली तर मोठ्यानं मार. तुझ्या त्या देवघरातल्या आवाजात नको. देव बहिरा नाही गं, पण समुद्र आहे."

मी पहिल्यांदा गेले ती भर उन्हातच. एक बाजार, एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना, राखाडी वाळू, आणि समुद्राकडे पाठ करून बसलेली घरं. 'नाव मोठं, लक्षण खोटं' म्हणावं, तर नावही मोठं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी परतीची गाडी धरली. निघताना ताईनं वचन घेतलं, की आणखी एकदा येशील, आणि मी नसले तर माझ्या जागी उभी राहशील. कुठल्या जागी, ते मी विचारलं नाही. बहिणी असं बोलतातच.

ताई तापानं गेली. त्यानंतरच्या थंडीत मी आले.

शहर होतं तसंच होतं. भाऊजी मात्र वाळले होते. बंदराची भिंत समुद्रात लांब गेली आहे, तिच्या टोकाला भोंगा आहे. धुकं पडलं की तो हातानं फिरवायचा, म्हणजे बाहेरच्या होड्यांना वाट कळते. भाऊजींनी जन्मभर हेच केलं.

घराच्या खालच्या मजल्यावर शिंपीण राहते. "किल्ली वर आहे का हो?" एवढंच मी जिन्यापाशी विचारलं, तर तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"अगबाई! आवाज तोच. मला वाटलं..." ती पाणी प्यायली, मग मला जवळ बसवून हळू सांगू लागली. भिंतीला मधे भगदाड पडलंय, त्यावर एका कडेला फळी टाकलीय. भाऊजींची नजर तर गेल्यातच जमा. जाताना टोकाचा दिवा समोर असतो, त्याच्या रोखानं ते जातात. येताना समोर नुसतं पांढरं. म्हणून ताई फळीच्या अलीकडे उभी राहून हाका मारायची. त्या आवाजाच्या रोखानं आले की त्यांचा पाय बरोबर फळीवर पडायचा.

"आता कोण मारतं?"

"कोण मारणार? मला दमा, माझा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही. बंदरवाल्यांनी एक माणूस धाडला होता. त्यानं भिंत बघितली आणि गेला तो गेलाच. परवा तुमचे भाऊजी आले ते कमरेपर्यंत ओले."

जेवताना मी विषय काढला. भाऊजी हसले. "मेहुणीबाई, शिंपिणीनं टाके घातलेले दिसतात!"

"थट्टा नको. येताना वाट कशी सापडते तुम्हाला?"

"अहो, ती मारते की हाक."

"कोण?"

"तुमची ताई. फक्त हल्ली डावीकडून मारते."

येताना डावीकडे फळी नाही. डावीकडे पाणी आहे.

"जाऊ नका तुम्ही," मी म्हटलं.

"होड्या बाहेर आहेत. त्यांच्याही घरी कुणी वाट बघतंच ना?" त्यांनी ताटावरून बोट फिरवलं. "परवा अगदी जवळून मारली हो. पुढच्या खेपेला पोचेन म्हणतो तिच्यापर्यंत."



माझा एक नेम आहे. पहाटे उठल्यापासून सूर्य दिसेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं हे मौन. थोरल्याच्या वेळी पहाटे कळा आल्या, तेव्हाही ओठ मिटूनच होते. सुईण म्हणाली होती, बाई आहे का भिंत!

पहाटे जिन्यावर भाऊजींची पावलं वाजली. मी उठून खिडकी उघडेपर्यंत खालचं दार लागलंसुद्धा. बाहेर रस्ता नव्हता, समोरचं घर नव्हतं. आज सूर्य दिसायचं चिन्ह नव्हतं. थोड्या वेळानं भोंगा सुरू झाला, एखादं मोठं जनावर कण्हावं तसा. तो थांबला की मधे सगळं चिडीचूप. अशाच एका खंडात पाण्याच्या बाजूनं हाक आली, बारीक, लांबवलेली. ताईची म्हणावी, तर ताईचा आणि माझा आवाज एकच.

माझ्याच आवाजात कुणीतरी भाऊजींना बोलावत होतं.

मी दिवा लावला, हात जोडले. आज नेम मोडणार आहे, रागवायचं तर माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको, असं मनातच सांगितलं. दाराशी ताईचे रबरी बूट होते. ते माझ्या पायात बरोबर बसले.

खाली शिंपीण शाल लपेटून उभी होती. "निघालात?"

मी नुसती मान हलवली. आवाज भिंतीवरच्या त्या जागेसाठी राखून ठेवला होता. घरांच्या कडेला हात लावत, भोंग्याच्या दिशेनं मी चालू लागले.