जिन्याखालची पिवळी मेथी

मी एक जुना तेलाचा डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, पंधरा किलोचा. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. जुन्या वस्तू हळू आवाजात आपली कहाणी सांगतात आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. माझ्या पोटात जे घडलं ते ऐकून तुम्हालाही थोडा राग यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

कारखान्यात मला ठोकून, झाळून तयार केलं आणि माझ्यात शेंगतेल भरलं. तिथून मी मंगळवार पेठेत रत्नाबाईंच्या घरी आलो. तेल संपल्यावर रत्नाबाईंनी मला गरम पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं आणि झाकण बसवून घेतलं. पुढं कित्येक दिवाळ्या मी त्यांचा चिवडा सांभाळला. घरी कुणी आलं की त्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "ह्या डब्यात चिवडा मऊ पडत न्हाई बघा." त्या कौतुकानं मी फुगून जायचो. मग घरात स्टीलचे चकचकीत डबे आले आणि माझी रवानगी मागच्या बोळात झाली. पावसानं गंजलो. एक मांजर येऊन माझ्यावर बसायची, तेवढीच सोबत. त्याचा राग मला नाही. वस्तू जुनी होते, बाजूला पडते, हे मी समजू शकतो.

एके दिवशी पेठेतल्या शाळेची मुलं घरोघरी रिकामे डबे मागत आली. शाळेच्या गच्चीवर शेती करायची होती. रत्नाबाईंनी मला उचलून दिलं. सातवीतल्या क्रांतीनं मला डोक्यावर घेतलं आणि माझा गंज तिच्या केसांत पडत असतानाही ती वाटभर गाणं म्हणत शाळेत आली. ही क्रांती लक्षात ठेवा.

शाळेच्या गच्चीवर काय नव्हतं! दह्याच्या बादल्यांत टोमॅटो, रंगाच्या डब्यांत मिरच्या, फुटक्या पाटीत पालक. माती, शेणखत आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतली वाळकी चिपाडं, एवढ्यावर सगळं पिकत होतं. मुलांच्या दुपारच्या खिचडीत तिथला पालक पडायचा. ज्या मुलांच्या घराला अंगण नाही, ती मुलं सुट्टीच्या दिवशीसुद्धा पाणी घालायला यायची. क्रांतीच्या घरात एक खोली आणि एक खिडकी, ती खिडकीही शेजारच्या भिंतीकडं तोंड केलेली. गच्चीवर आली की ती आधी तोंड वर करून उन्हात उभी राहायची आणि मग कामाला लागायची.

पण या गच्चीवर एक संकट घिरट्या घालत होतं. अण्णासो नावाचे पत्र्याचे मोठे व्यापारी शाळेला देणगी देणार होते. पैसे नाही, पत्राच. सगळ्या गच्चीवर पत्रा मारायचा आणि खाली मोठा हॉल करायचा. मुख्याध्यापक उदयसिंह सर त्यावर खूश होते. विज्ञान शिकवणाऱ्या राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, "सर, मग शेतीचं काय?"

"कुंड्या काय, पत्र्याखाली ठेवायच्या की," सर म्हणाले. "पाणी घातलं की झाडं वाढतात."

तेव्हा मॅडमनी ठरवलं की उत्तर तोंडानं द्यायचं नाही, मेथीनं द्यायचं. अण्णासो गच्ची बघायला येणारच होते. त्यांनी डोळ्यांनी बघावं आणि मग ठरवावं.

त्यांनी सारख्या मापाचे तीन डबे निवडले. तिघांना आडवं करून वरची बाजू कापली, खाली खिळ्यानं भोकं पाडली. तिघांत एकच माती, एकच बी, पाणी एकाच तांब्यानं. फरक फक्त उजेडाचा. पहिला डबा उघड्या गच्चीवर, दुसरा हिरव्या जाळीखाली आणि तिसरा जिन्याखालच्या अडगळीत, दार लावून. तिसरा मी. अंधारासाठी माझी निवड क्रांतीनंच केली आणि पाणी घालायचं कामही तिच्याकडंच आलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं मीच जिंकलो. मेथी उगवली आणि माझी रोपं बाकीच्या दोघांपेक्षा भराभर उंच गेली. मुलं दार उघडून ओरडली, "आयला, अंधारातली तर लय वाढली की!" माझी छाती फुगली. मॅडम नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "थांबा थोडं. ती वाढत नाहीत, ती उजेड शोधतायत."

त्यांचंच खरं निघालं. माझी रोपं दोऱ्यासारखी बारीक होती. पानं टिकलीएवढी आणि रंगानं हळदीच्या पाण्यासारखी. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत यायची, तर सगळी रोपं तिकडं माना वळवून बसलेली. बियातली शिदोरी होती तेवढी त्यांनी उंच होण्यात खर्चून टाकली. उजेडाशिवाय पान हिरवं होत नाही आणि पान हिरवं झाल्याशिवाय रोपाला आपलं अन्न करता येत नाही. शेवटी ती एकमेकांच्या अंगावर आडवी पडली. वरती पहिल्या डब्यात बुटकी, जाड देठाची, गर्द हिरवी मेथी वाऱ्यात हलत होती. जाळीखालची मेथी हिरवी होती, पण जरा लांबट आणि मऊ.

क्रांती माझ्यापुढं बसून हळू आवाजात म्हणाली, "तुमाला बघितल्याबगर अण्णासोंना पटायचं न्हाई." त्या एका वाक्यासाठी मी अंधार सोसला. आपली पडलेली रोपंच गच्ची वाचवणार आहेत, हे मला कळलं होतं.

आता राग यायला सुरुवात करा.

अण्णासो येणार त्या दिवशी सकाळी शाळेत रांगोळी, हार, फेटा, सगळी तयारी चालली होती. उदयसिंह सर पाहणी करत जिन्याखाली आले, दार उघडलं आणि दचकून मागं सरले.

"हे काय मॅडम? पावण्यांसमोर हे पिवळं मेलेलं ठेवणार?"

"सर, तोच तर प्रयोग आहे."

"प्रयोग बियोग नंतर. आमच्या शाळेत काही वाळलेलं, पडलेलं दिसता कामा नये. तीनही डबे हिरवेगार पाहिजेत." आणि ते स्वतः स्कूटर काढून मंडईत गेले.

सरांना कुणाला फसवायचं नव्हतं, हे मी मान्य करतो. आपल्याकडं पावणा आला की फाटकी चादर पेटीत जाते आणि ठेवणीतली बाहेर येते. पावण्याच्या ताटातल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात उणं राहू देत नाहीत, तशीच त्यांनी माझ्यात मेथी भरायला लावली. पण अहो, प्रयोग म्हणजे जेवणाचं ताट आहे का?

सरांनी मंडईतून मेथीच्या जुड्या आणल्या. मग मॅडमनी खाली बसून आपल्या हातांनी माझी पिवळी रोपं मातीसकट उपटली आणि केराच्या बादलीत टाकली. बाजारच्या जुड्या माझ्या पोटात रोवल्या, पाणी शिंपडलं. ज्यांनी मला शिकवण्यासाठी निवडलं, त्याच हातांनी! सरांपेक्षा मला मॅडमचा जास्त राग आला. सरांना कळत नव्हतं, मॅडमना कळत होतं.

क्रांती पाणी घालायला आली आणि माझ्याकडं बघून थिजली. मॅडम तिची नजर चुकवत म्हणाल्या, "आज गप्प राहा हं, बाळ. पाहुणे जाऊ देत." शिवाय पाहुण्यांना प्रयोगाची माहिती सांगायचं कामही तिच्याकडून काढून वर्गातल्या श्रेयसला दिलं होतं, कारण सरांच्या मते क्रांतीची भाषा गावंढळ होती. जी मुलगी रोज माझ्यापुढं वाकत होती, तिला शेवटच्या रांगेत उभं केलं.

अण्णासो आले. फेटा झाला, शाल-नारळ झाला, टाळ्या झाल्या. आम्हा तिघांना गच्चीवर एका टेबलावर शेजारी शेजारी मांडलं होतं. श्रेयसनं छान, शुद्ध भाषेत सांगितलं, "पहिला डबा उन्हातला, दुसरा जाळीखालचा आणि तिसरा संपूर्ण अंधारातला." अण्णासो माझ्यावर वाकले. सगळ्यात भरगच्च हिरवा मीच होतो.

"आं? ह्यो अंधारातला?" ते म्हणाले. "जिन्याखालचा?"

"हो साहेब," सर म्हणाले. "आमच्या शाळेची मातीच तशी आहे."

अण्णासोंनी खूश होऊन मांडीवर थाप मारली. "मग उन्हाची गरजच काय? मी ह्याच काळजीत हुतो, पोरांची भाजी मरंल म्हणून. ठरलं तर! उद्याच माणसं लावतो. सगळ्या गच्चीवर पत्रा मारूया. भाजी खाली वाढती की जोरात!"

टाळ्या वाजल्या. सरांनीही वाजवल्या. मॅडम मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी पत्र्याचा डबा आहे, मला ओरडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी अख्खी मंगळवार पेठ गोळा झाली असती.

शेवटच्या रांगेतून क्रांती पुढं आली. कुणाला काही कळायच्या आत तिनं माझ्यातली मेथी मुठीत धरली आणि ओढली. अख्खी जुडी वर आली. घाईत सोडायची राहिलेली सुतळी मुळांभोवती तशीच बांधलेली होती.

"साहेब, ही मंडईतली हाय," ती म्हणाली. मग ती धावत खाली गेली आणि केराची बादली घेऊन आली. तिनं माझी पिवळी रोपं ओंजळीत काढली आणि अण्णासोंच्या शाल-नारळाशेजारी टेबलावर ठेवली. "आमची ही हाईत. अंधारात वाढल्याली. ह्यास्नी उभं राहता येत न्हाई."

"क्रांती!" सर ओरडले.

अण्णासोंनी हात वर करून सरांना थांबवलं. एक रोप उचललं. ते त्यांच्या बोटावरून दोन्हीकडं लोंबलं.

"पत्रा मारला तर समदं असं हुईल?"

"व्हय, हळूहळू. टोमॅटो बी, मिरची बी. ऊन न्हाई मिळालं की रोपाला जेवणच न्हाई."

अण्णासो सरांकडं वळून म्हणाले, "सर, माझ्या दुकानात गंजका पत्रा मी गंजका म्हणूनच दावतो. तुमी मला काय दावलं?" त्यांनी रोप परत टेबलावर ठेवलं. "गच्चीवर पत्रा न्हाई. खाली सायकली भिजत्यात, तिथं मारून दीन." एवढं बोलून त्यांनी फेटा काढून काखेत घेतला आणि ते जिना उतरले.

गच्ची वाचली. मग माझा राग जायला हवा होता, नाही का? पण पाहुण्यांची गाडी वळणावरून गेली आणि सरांनी क्रांतीला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. "पावण्यांसमोर शाळेची अब्रू घालवलीस!" आणि मॅडमकडं वळून म्हणाले, "पुढच्या वेळी अंधारातला डबाच नको. सगळं उन्हात ठेवा. हिरवं तेवढंच दिसलं पाहिजे." क्रांती रडली नाही. तिनं टेबलावरची सुकलेली रोपं गोळा केली आणि शेणखताच्या ढिगात पुरली.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गाला घेऊन गच्चीवर आल्या. बाजारची मेथी त्यांनी निवडून खिचडीत दिली. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काल मी घाबरले. क्रांती घाबरली नाही. माहिती आता तीच सांगेल, तिच्या भाषेत." त्यांनी माझी माती हातानं मोकळी केली आणि नवं बी पेरलं. सर गच्चीच्या दारात उभे होते. मॅडम त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "सर, तीन डबे राहणार." सर जिना उतरून खाली गेले.

क्रांतीनं मला उचललं आणि जिन्यापाशी येऊन ती थांबली. "मॅडम, ह्याला परत अंधारात ठेवायचं? वाईट वाटतंय."

तिला वाईट वाटलं, हे मला पुरलं. मित्रांनो, मला जिन्याखाली ठेवा, दार लावा, मी काही बोलणार नाही. मी तिथं बसलो नाही तर उन्हानं काय केलं हे वरच्या डब्यावरून तुम्हाला कधीच कळणार नाही. माझी मेथी पुन्हा पिवळी येईल, पुन्हा आडवी पडेल. तिला रोज पाणी घाला. आणि कितीही मोठा पावणा आला तरी दार सताड उघडून ती आहे तशी दाखवा.