मागच्या खोलीतला खांब

श्रीगोंद्याजवळच्या त्या बंगल्याला लोणा लागला होता. उसाला पाणी पाजून पाजून जमीन खारपड झाली आणि तो खार बंगल्याच्या खांबांत चढला. धाकट्या हर्षलचं लग्न ठरलं, तेव्हा वाल्मिक नावाचा कारागीर काँक्रीटमध्ये पाणी मुरू न देणारं रसायन मारायला आला. सगळे खांब झाले. मागच्या खोलीतला तेवढा राहिला. त्याच्या आतला गज गंजला होता. आधी दुरुस्ती, मगच रसायन, असं वाल्मिकने बजावलं.

त्या खोलीत थोरल्या सुनीलची विधवा, स्नेहल राहत होती.

"तिथं आत्ता हात लावायचा न्हाई," सासू छबूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या तोंडावर पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या खोलीत काम काढतंय व्हय कोनी?"

"आत्या, वरचा मजला ह्याच खांबावर हाय," स्नेहल म्हणाली.

"तू गप बस. आन् हळदीला वर फिरकू नको."

सोवळंओवळं माणसांना कळतं, खाराला नाही.

हळदीच्या दिवशी वर गाणी लागली, नाच सुरू झाला, आणि खाली स्नेहलच्या पुढ्यात खांबाचा एक मोठा टवका पडला. पडू दे सगळंच, तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. नवरा गेल्यापासून या घराने तिला कुणाची ओटी भरू दिली नव्हती, पंगतीत बसू दिलं नव्हतं. मग छतावर लहान पोरींचे पाय धपधपले आणि ती उठली. राग तिने टाकला नाही, सोबत घेऊनच ती जिना चढली.

"गाणं बंद करा! समदी खाली उतरा!"

"अपशकुन केलास, सटवे!" छबूबाई किंचाळल्या.

सगळे खाली उतरल्यावर स्नेहलने पाहुण्यांना आपल्या खोलीच्या दारापर्यंत नेलं आणि ती एकटी आत गेली. सगळ्यांदेखत खांबात बोटं घालून तिने काँक्रीट ओढलं. ते वाळल्या भाकरीसारखं हातात आलं. आतला गज गंजून निम्मा उरला होता. हर्षलचा चेहरा उतरला. नवरीकडचे लोक छबूबाईंकडे बघू लागले.

"व्हय आत्या, केला अपशकुन," स्नेहल म्हणाली. "म्हनून ही मानसं जित्ती हायेत. आता हळद अंगणात लागंल. आन् पयलं बोट माझं लागंल. न्हाईतर ह्या खांबाचं काम कुनी अडवलं, ते ह्या पाव्हन्यांना तुमीच सांगा."

हळदीची वाटी छबूबाईंच्या हातात होती. ती त्यांनी स्वतःहून पुढे करेपर्यंत स्नेहल जागची हलली नाही.