आल्मुटची ओळ

माझी थोरली बहीण आल्मुट जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गच्या शाळेत चाळीस वर्षं पोरांना फाउंटन पेननं लिहायला शिकवत होती. पक्षाघातात उजवा हात गेला, जिभेची धार तेवढी शाबूत राहिली. लेकीशी, सिल्केशी, सहा वर्षं अबोला. सिल्के शुक्रवारी येणार होती, आणि तोवर आल्मुट टिकेल याची खात्री डॉक्टरांना नव्हती.

"फोन तरी कर तिला," मी म्हटलं.

"फोनवर मी भांडते. तू खिडकीतून दिसतंय ते बंदर कागदावर काढ. खाली मी लिहीन."

मी माझ्या चित्रांच्या पेननं बोटी काढल्या. मग तिनं डाव्या हातात तेच पेन धरलं आणि अर्ध्या तासात एक ओळ लिहिली: 'सिल्के, चूक माझी होती.' अक्षरं पहिलीतल्या पोराची. मला रडूच फुटलं.

"आता जलरंग भर. माझ्या ओळीला मात्र हात लावू नकोस."

"अगं, बंदराचं पाणी कागदाच्या खालपर्यंत रंगवलं नाही तर चित्र अर्धवट दिसेल. माझी शाई पक्की आहे, वाळली की हलत नाही."

"कागद कोरा राहिला की तुझ्या पोटात दुखतं, हेडे!"

दहा मिनिटं थांबून मी खालूनच सुरुवात केली, ओला ब्रश ओळीवरून फिरवला. अक्षरं फुटली. घाईघाईनं टिपकागद दाबला, तर उरलंसुरलंही त्यानं उचललं.

माझी शाई लिहिताना निळी असते, मागाहून काळी पडते. म्हणून निळी अक्षरं पाहून मला संशयच आला नाही. सकाळी माझ्या नवऱ्यानं, हेल्मरनं, कौतुकानं पेन धुऊन भरून ठेवलं होतं, शाळकरी पोरांच्या, पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईनं. त्या भल्या माणसावर रागावणार तरी कशी? आल्मुट नको म्हणत असताना ब्रश मीच फिरवला होता.

"पुन्हा लिही ना गं."

"उद्या," आल्मुट म्हणाली. तिनं पेन माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी हातात पेन ठरेना. बुधवारी ती गेली.

शुक्रवारी सिल्के कोटही न काढता चित्रासमोर उभी राहिली. खालच्या निळ्या डागावर बोट ठेवून मी तिला सगळं सांगितलं, ती ओळ शब्दन्‌शब्द सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा हात हातात घेतला.

"मावशी, तू फार चांगली आहेस गं," ती म्हणाली. "पण आई असं कधीच लिहिणार नाही."