अंगठे चार, पाहुणा एकही नाही

चष्म्याची चार दुकानं, चारही एकाच घरातली. मोठं दुकान थोरल्या वहिनी सांभाळायच्या. बाकीची तीन मधला दीर, नणंद आणि धाकटा दीर यांच्याकडे. थोरले स्वतः कारखान्यात काचा घासत बसायचे आणि कोणी विचारलं नाही तर दिवसभर तोंडातून शब्द काढायचे नाहीत. निरोपांसाठी मोबाइलवर ग्रुप होता. वहिनी त्यावर सूचना टाकत, खाली पटापट अंगठे उमटत. अंगठा आला म्हणजे निरोप पोचला, असा वहिनींचा भाबडा विश्वास.

एके दिवशी भर दुपारी धाकटा दीर तणतणत आला. समोर गिऱ्हाईक आहे की नाही तेही न बघता म्हणाला, "वहिनी, मला वेगळं करा."

वहिनींनी हातातला चष्मा खाली ठेवला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा शाळेत जायचा. घर एका मुठीत राहू दे, एवढंच तर त्या रोज देवाजवळ मागत आल्या होत्या.

"आधी पाणी प्या भाऊजी. झालं काय?"

"लहान मुलांच्या चष्म्याची दांडी फुकट बदलून द्यायची, हे मला गिऱ्हाइकाकडून कळतं! बाई म्हणते, तुमच्या ताईच्या दुकानात देतात की. तोंड कुठे लपवू?"

"अहो, मी ग्रुपवर लिहिलं होतं. खाली तुमचा अंगठा आहे, बघा."

"तुमचा निरोप दिसला की अंगठा आपोआप उमटतो. वाचतंय कोण? रोजचा उपदेश!"

म्हणजे चूक त्याचीच. वहिनी हसणार, एवढ्यात तो हळू आवाजात म्हणाला, "आणि मी काय लिहिलं होतं, ते तुम्ही सांगा बघू."

वहिनी मोबाइल उघडून शोधू लागल्या.

"दुकानात नवी काचेची कपाटं बसवली, रविवारी सगळे या, असं लिहिलं होतं. चार अंगठे आले. मी नि बायको खुर्च्या मांडून वाट बघत बसलो. पाहुणा एकही नाही."

दुखणं दांडीचं नव्हतंच तर! वहिनींनी मोबाइल बाजूला ठेवला. "चुकलं हो आमचं," एवढंच त्या म्हणाल्या. तो तसाच निघून गेला.

संध्याकाळी वहिनी नेहमीप्रमाणे मैत्रिणींबरोबर देवाची गाणी म्हणायला बसल्या. पुढची एक ओळ म्हणते, मागच्या ती उचलतात. मागून ओळ आली नाही तर पुढचीचं पाऊल पुढे पडत नाही. ती एकटी गाऊन गाऊन किती गाणार? म्हणता म्हणता वहिनी मध्येच थांबल्या.

"काय गं, विसरलीस?"

"नाही गं बाई, सुचलं!"

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी त्यांनी सगळ्यांना एकदम फोन लावला. अंगठे बंद. ज्याचा निरोप त्याने तोंडाने सांगायचा, दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. बरोबर आला, तरच पुढचा.

"शाळा भरली म्हणायची!" नणंद म्हणाली.

थोरले म्हणाले, उद्या काचा उशिरा येतील. मधल्याने परत सांगितलं, "उद्या काचा नाहीत."

"अरे बाबा, उशिरा येतील म्हणालो. येणार नाहीत असं कुठे म्हणालो?"

थोरले एका दमात एवढं बोलल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

मग धाकट्याची पाळी. "माझ्याकडे नवी कपाटं आहेत," तो तुटकपणे म्हणाला. "बघायची तर बघा."

वहिनींनी परत सांगितलं, "भाऊजींकडे नवी कपाटं आहेत. रविवारी आम्ही सगळे येतोय, आणि खुर्च्या आम्ही मांडणार."

"हे मी कुठे म्हटलं?"

"मग आता म्हणा."

पलीकडून खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, "रविवारी या."

रविवारी झाडून सगळे गेले. पुढे सकाळच्या फोनची सगळ्यांना सवयच लागली. एकदा मधल्याने फोनवरच डिवचलं, "काय रे, तू वेगळा होणार होतास ना?"

"होईन की. पण मग सकाळी उठून तुझ्या चुका कोण काढणार?"

थोरले खो-खो हसले. वहिनींनी मनोमन हात जोडले आणि शटर वर ढकललं.