शाबूत कुलूप

बाईंच्या दाराचं कुलूप शाबूत होतं, आणि तेच किल्लीवाल्याच्या मुळावर आलं.

गल्लीत आधीच दोन घरफोड्या झालेल्या. त्यात शाळेतून निवृत्त होऊन एकट्या राहणाऱ्या बाईंचा भरदुपारी कुणीतरी गळा दाबून जीव घेतला, अंगावरचे दागिने नेले. ते नवं कुलूप किल्लीवाल्यानंच नुकतं बसवलं होतं. पोलिसांनी त्याला दिवसभर बसवून ठेवलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. गल्लीनं मात्र सोडलं नाही.

रोज त्याच्या दुकानात चहाला टेकणारा इस्त्रीवाला आता मान खाली घालून पुढे जाई. त्यानं बसवलेली कुलपं लोकांनी काढून टाकली. तो जिना चढायला लागला की वरची दारं धडाधड लागायची.

घरी बायकोही मोजकंच बोलू लागली. एकदा सकाळी त्याच्या लक्षात आलं, ती मुलीला घेऊन आतल्या खोलीत झोपते आणि कडी लावून घेते.

"कडी कशाला?"

"दिवस वाईट आहेत."

"चोर बाहेरून येणार. बाहेरच्या खोलीत मी असतो ना?"

ती मुलीची वेणी घालत राहिली. वेणी जरा जास्तच घट्ट होत होती. "आई, दुखतंय," मुलगी कळवळली.

मग बाईंचा भाचा दागिने विकताना सापडला. बाईंनी स्वतःच त्याला दार उघडलं होतं, त्याच्यासाठी चहाही टाकला होता. भाच्यानं सगळं कबूल केलं.

दुसऱ्याच दिवशी इस्त्रीवाला दुकानात हजर. "आम्हाला ठाऊकच होतं हो, तुम्ही तसले नाही."

किल्लीवाला हसला, पण त्याला बसायला स्टूल दिलं नाही.

घरी त्यानं बायकोला विचारलं, "पोलिसांना काय सांगितलं होतंस?"

"खरं तेच. त्या दुपारी तुम्ही जेवायला आला नव्हता."

"दुकानात शटर ओढून झोपलो होतो. अंगात ताप होता."

"मला काय माहीत?"

"विचारायचं होतंस."

तिचे डोळे भरून आले. "तुम्ही हो म्हणाला असता तर?"

त्याला राग यायला हवा होता. पण जो खुनी असेल असं वाटत होतं, त्या माणसाबरोबर इतके दिवस एकाच घरात ती कशी राहिली असेल, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. तो तिच्याजवळ जाऊन बसला. ती किंचित बाजूला सरकली, मग तिथेच थांबली.